टेकडीवरून खाली : स्पेनमधल्या छोट्या गावाचा इतिहास कसा वाचायचा

सिग्वेन्सा हे गाव माद्रिदच्या ईशान्येला सुमारे १३० किलोमीटरवर आहे. एनारेस नदीच्या वरच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंचीवर. वस्ती पाच हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावाला किल्ला आहे, कॅथेड्रल आहे, एके काळी स्वतःचं विद्यापीठ होतं, आणि सहाशेहून अधिक वर्षं इथला बिशप हाच गावाचा जहागीरदार होता.

स्पॅनिश गावाचा इतिहास वाचायला शिकायचं तर हेच गाव घ्यावं, कारण त्याचा उतार. किल्ला माथ्यावर, रेल्वे स्टेशन पायथ्याशी, आणि मधला जवळजवळ प्रत्येक काळ आधीच्या काळाच्या खालच्या अंगाला येऊन वसलेला. वरून खाली चालत आलं की शतकं बहुतेक क्रमाने भेटतात. इतकी सोपी मांडणी फार कमी गावांत सापडते. इथे हात बसला की मग तीच पद्धत कार्मोना, अल्बार्रासिन, त्रुहीयो अशा गुंतागुंतीच्या गावांना लावता येते.

वेळेचा हिशेब असा ठेवा : पायी फिरायला दोन पूर्ण दिवस, आणि घरी बसून कागद वाचायला किमान पंचवीस-तीस तास. कागदांचं बरंचसं काम पुण्यात किंवा पणजीत बसूनही होतं, कारण महत्त्वाची दप्तरं इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. प्रत्यक्ष जाणं जमणार नसेल तर फक्त कागदांवर आणि हवाई छायाचित्रांवरही निम्मं काम उभं राहतं.

आधी नावाची यादी करा

शोधाला लागण्याआधी गावाच्या नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहून काढा. सिग्वेन्साच्या रोमन लिपीतल्या नावात ‘यू’वर दोन टिंबं असतात. जुन्या सूचींमध्ये ती बहुतेक वेळा गाळलेली असतात. सतराव्या शतकापर्यंतच्या कागदांत शेवटच्या ‘झेड’ऐवजी शेपूटवाला ‘सी’ दिसतो. लॅटिन कागदांत गाव ‘सेगोंतिया’ होतं. प्रत्येक रूप वेगळं टाकून शोधलं नाही तर निम्मे संदर्भ हातून जातात. स्थानिक लोकांशी बोलताना नाव ‘सिग्वेन्था’ असं ऐकू येईल. या भागात ‘झेड’ आणि मऊ ‘सी’चा उच्चार ‘थ’च्या जवळ जातो.

इथे एक चूक हमखास होते. प्राचीन स्पेनमध्ये सेगोंतिया, सागुंतिया, सागुंतुम अशी जवळजवळची नावं अनेक ठिकाणी होती. रोमन लेखकाने एखाद्या वेढ्याचं वर्णन केलं आणि नाव जुळलं, एवढ्यावर तो वेढा आपल्या गावाला चिकटवू नका. आजूबाजूची नदी, रस्ता किंवा जमातीचं नाव त्याच उताऱ्यात जुळत असेल तरच नोंद घ्या. सिग्वेन्सासाठी भक्कम रोमन आधार आहे तो रस्त्याचा : मेरिदाहून सारागोसाकडे जाणाऱ्या मार्गावरच्या मुक्कामांच्या प्राचीन यादीत सेगोंतिया येतं.

सोबत काय घ्यावं

लहान दुर्बीण (आठपट पुरते), तिरपा प्रकाश पाडायला टॉर्च, होकायंत्र, पाच मीटरची टेप, आणि गावाचा मोठा नकाशा छापून तीन प्रती. पहिल्या प्रतीवर फक्त जे दिसतं ते, दुसरीवर कागदांत जे सापडतं ते, आणि तिसरीवर दोन्ही जुळल्यावर पक्कं झालेलं. हे तिन्ही एकाच नकाशावर लिहिलं की चार दिवसांनी डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं आणि वाचलेलं कोणतं हे सांगता येत नाही. छोट्या गावांच्या इतिहासांत दिसणाऱ्या निम्म्या चुका इथेच जन्मतात.

जाण्याचा काळ एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. हिवाळ्यात इथली थंडी कडक असते आणि दिवस लहान. दुपारी दोन ते चारच्या सुमारास बरीच चर्च आणि संग्रहालयं बंद असतात, सोमवारी तर अनेक ठिकाणी दिवसभर. म्हणून आतली पाहणी सकाळी आणि भिंती, वेशी, गल्ल्या दुपारी, असं वाटप करा.

उतरण : पहिला थर ते शेवटचा

सुरुवात गावात करू नका. आधी एनारेसच्या पलीकडे जा आणि तिथून गावाकडे पाहा. त्या बाजूची विल्याव्हिएहा ही टेकडी म्हणजे केल्टिबेरियन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या इथल्या लोकांच्या जुन्या वस्तीची जागा. ‘विल्याव्हिएहा’चा शब्दशः अर्थ ‘जुनं गाव’. स्पेनमध्ये शेताला, टेकडीला, माळाला असं नाव दिसलं की तिथे थांबायचं. आपल्याकडे ‘पांढरी’ म्हटल्यावर जसं लक्ष जातं तसंच. वस्ती नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली, ही या गावाची पहिली मोठी घटना, आणि ती फक्त या बाजूने नजरेत भरते.

रोमन आणि त्यांच्यानंतर राज्य केलेल्या व्हिसिगॉथांच्या काळाचं जमिनीवर फारसं काही उरलेलं नाही. तिथे कागद पुढे येतो. इ.स. ५८९ मध्ये तोलेदोला चर्चची तिसरी परिषद भरली तेव्हा सिग्वेन्साचा बिशप प्रोतोहेनेस तिथे हजर होता. म्हणजे सहाव्या शतकात हे धर्मपीठ होतं. इमारत नसली तरी सहीवरून गावाचं वजन कळतं. अशा परिषदांच्या सह्या पाहण्याची सवय लावून घ्या. स्पेनमधल्या डझनावारी गावांचा व्हिसिगॉथ काळ एवढ्या एकाच धाग्यावर टांगलेला आहे.

आता किल्ल्यावर चढा. स्टेशनपासून वीसेक मिनिटांची चढण आहे. इथे सगळ्यात जास्त सावध राहायचं. मुसलमान अमलात या जागी गढी होती. पुढे बिशपांनी तिचा राजवाडा केला. चौदाव्या शतकात कास्तीलचा राजा पेद्रो पहिला याने आपली राणी ब्लांका हिला इथेच कैदेत ठेवलं होतं. पण आज जे उभं दिसतं त्यातला फार मोठा भाग १९७० च्या दशकातला आहे. युद्धात आणि उपेक्षेत मोडकळीला आलेला किल्ला सरकारी हॉटेलसाठी, म्हणजे पारादोरसाठी, तेव्हा नव्याने बांधून काढला. चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दगडी दाते, सरळ, एकसारख्या आणि कडा न झिजलेल्या दिसल्या की समजावं की हा भाग नवा आहे. भिंतीत खालचा दगड ओबडधोबड आणि वरचा नीट तासलेला असेल तर मधला सांधा शोधा. तो बहुधा आडव्या, थोड्या नागमोडी रेषेत असतो. टॉर्च भिंतीला समांतर धरून प्रकाश टाकला की तो उठून दिसतो. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एखादं जुनं छायाचित्र मिळवून ताडून पाहा. पारादोर झालेल्या कुठल्याही किल्ल्याला हा नियम लावा : जुना फोटो पाहिल्याशिवाय एकाही भिंतीला मध्ययुगीन म्हणू नका.

किल्ल्याच्या खालच्या गल्ल्या बाराव्या ते पंधराव्या शतकातल्या. परंपरेने सांगितली जाणारी तारीख अशी की २२ जानेवारी ११२४ रोजी बेर्नार्दो दे आहेन या फ्रान्समधून आलेल्या बिशपने गाव जिंकलं. २२ जानेवारी हा संत व्हिसेंतेचा दिवस, म्हणून गावाचा पालक संत व्हिसेंते आणि वरच्या गल्लीत त्याचं रोमनेस्क चर्च. पालक संत कोण आणि त्याचा वार्षिक दिवस कोणता, हे प्रत्येक गावात पहिल्या तासातच विचारून घ्या. जिंकल्याची, साथ सरल्याची किंवा नवस फेडल्याची तारीख बहुधा त्यात दडलेली असते. पण उलटही घडतं, म्हणजे सोयीचा संत पाहून तारीख नंतर ठरवली जाते. त्यामुळे एवढ्या एका आधारावर वर्ष पक्कं धरू नका.

याच पट्ट्यात काये मायोरवर सांतियागोचं चर्च आहे, तेही बाराव्या शतकातलं आणि १९३६ च्या यादवी युद्धात उद्ध्वस्त झालेलं. दोन्ही चर्चच्या दरवाजांच्या कमानी शेजारी ठेवून पाहा : गोल, एकात एक बसवलेल्या कड्या, मध्ये बारीक नक्षी. रोमनेस्क ओळखायला याहून चांगला धडा नाही. मग खाली पंधराव्या शतकाच्या शेवटचं, कासा देल दोन्सेल (‘तरुण सरदाराचं घर’) म्हणून ओळखलं जाणारं घर पाहा. तिथे दगडी दर्शनी भाग, वर चर्या आणि घराण्याच्या ढाली. तीन शतकांचा फरक दहा मिनिटांच्या चालण्यात कळतो. तटाच्या वेशी, पुएर्ता देल सोल, पोर्ताल मायोर आणि पुएर्ता देल हिएर्रो, नकाशावर बिंदूंनी मांडा आणि बिंदू जोडा. घरांच्या मागच्या भिंतींत लपलेला तट त्या रेषेवर सापडत जातो.

प्लासुएला दे ला कार्सेल म्हणजे तुरुंगाचा छोटा चौक. तिथे जरूर थांबा. खालचा भव्य चौक होण्याआधी गावाचा कारभार इथून चाले. जुना कारभाराचा चौक शोधणं हे प्रत्येक गावात महत्त्वाचं काम असतं, आणि तो जवळजवळ नेहमी आजच्या चौकापेक्षा लहान, वाकडा आणि रिकामा असतो.

कॅथेड्रल आणि चौक : इथे अर्धा दिवस द्या

मूळ सिग्वेन्सा म्हणजे दोन वस्त्या. एक वर किल्ल्याभोवती, दुसरी खाली कॅथेड्रलभोवती. राजा सातव्या अल्फोन्सोने ११३८ मध्ये बिशपला खालच्या वस्तीचा अधिकार दिला, आणि पुढे दोन्ही मिळून एक गाव झालं. हे माहीत नसेल तर कॅथेड्रल पाहून गोंधळ होतो : देवाच्या घराला बुरूज आणि चर्या कशाला? उत्तर असं की बांधकाम सुरू झालं तेव्हा ते वरच्या तटाच्या बाहेर, सरहद्दीच्या मुलखात उघड्यावर होतं. त्याने स्वतःचं रक्षण स्वतःच करायचं होतं.

आत काळ ओळखायचा तो कमानींवरून. गोल कमान आणि जाड खांब म्हणजे बारावं शतक. टोकदार कमान, उंच खिडक्या म्हणजे तेराव्यापासून पुढे. भिंतभर नाजूक, सोनाराच्या कामासारखी नक्षी दिसली की सोळाव्याचा पूर्वार्ध. सान्ता लिब्रादाची वेदी त्या जातीची. मोठ्या साक्रिस्तियाचं, म्हणजे पूजेची वस्त्रं-भांडी ठेवायच्या दालनाचं छत १५३२ च्या सुमारास आलोन्सो दे कोव्हार्रुबियासने आखलं. त्यात गोलांमध्ये कोरलेले तीनशेहून जास्त चेहरे आहेत, प्रत्येक वेगळा. दुर्बीण इथे कामी येते. शेतकरी, धर्मगुरू, मूर, राजे असे सगळे त्यात सापडतात. त्या काळच्या टोप्या, दाढ्या आणि केशरचना अभ्यासायला एवढा मोठा साठा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आता दोन्सेल. मार्तीन व्हास्केस दे आर्से हा तरुण १४८६ मध्ये ग्रानादाच्या मैदानात, आसेकिया गोर्दा नावाच्या पाटाजवळ मारला गेला. त्याच्या कबरीवरचा अलाबास्टरचा पुतळा झोपलेला नाही. तो कोपरावर रेलून पुस्तक वाचतोय. छातीवर सांतियागो या लढवय्या धार्मिक पंथाचा लाल क्रूस आहे. पुतळ्यात रमून लोक लेख वाचायचं विसरतात. तसं करू नका. थडग्यावरच्या लेखात तो कोणाच्या पदरी होता, कुठे मेला, त्या वर्षी कोणती ठाणी पडली, हे सगळं लिहिलेलं आहे. ग्रानादाच्या मुसलमान राज्याविरुद्धची लढाई शेकडो किलोमीटर दूर चालू असताना या उतारावरच्या घरातला मुलगा तिथे कसा गेला, हे त्या चार ओळींवरून कळतं. कबरीचा लेख म्हणजे मोठ्या इतिहासाला गाव जिथे शिवलेलं असतं तो टाका.

लेखाचा फोटो घेताना समोरून फ्लॅश मारू नका. अक्षरं सपाट होतात. प्रकाश बाजूने, दगडाशी पंधरा-वीस अंशांच्या कोनात हवा. एकदा डावीकडून, एकदा वरून असे दोन फोटो घ्या. खडूने अक्षरं भरणं किंवा कागद लावून घासणं टाळा. अलाबास्टर मऊ असतो, त्यावर कायमचे ओरखडे पडतात.

आणि बाहेर येताना वर पाहा. मध्यभागावरचा उंच मनोरा, सिम्बोर्रियो, जुना वाटतो, पण तो १९४० च्या दशकात युद्धानंतरच्या दुरुस्तीत उभारलेला आहे.

बाहेरचा प्लासा मायोर पंधराव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसाच्या पुढाकाराने मोकळा झाला. तो १४९५ मध्ये मरेपर्यंत सिग्वेन्साचा बिशप होता आणि १४८२ पासून तोलेदोचा आर्चबिशपही. त्याने बाजार खाली आणला. आजचं नगरपालिकेचं घर मुळात १५१२ चा, चर्चच्या डीनांचा वाडा. चौकाच्या एका बाजूला कमानींची ओळ आहे, तिथे पावसात बाजार भरे. गावाचं वजन वरच्या तुरुंगाच्या चौकातून इथे सरकलं, आणि पुन्हा वर गेलं नाही.

याच मेंदोसाच्या काळात इथल्या चर्चमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता फ्रान्सिस्को हिमेनेस दे सिस्नेरोस, जो पुढे स्पेनचा कारभारी झाला. १५१६ मध्ये त्याने नवार्राचे किल्ले पाडायचा हुकूम काढला. त्यात हाविएरच्या छोट्या किल्ल्याचे बुरूजही उतरवले गेले. त्या घरातला मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. तोच फ्रान्सिस झेवियर, त्याचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे.

चौकाखाली पुढची शतकं भराभर येतात. सान रोके हा भाग अठराव्या शतकाच्या अखेरचा, बिशप हुआन दिआस दे ला गेर्राने आखलेला : सरळ रस्ते, एकसारखी घरं, कापलेल्या कोपऱ्यांचा चौक. त्याखाली १८०४ ची आलामेदा ही बाग. आणि तळाशी १८६२ मध्ये आलेली रेल्वे. इथे उतरण संपते.

ढालीवरून वर्ष काढण्याची युक्ती

बिशपांच्या गावात ही युक्ती सगळ्यात उपयोगी. सिग्वेन्साच्या बिशपांची यादी, प्रत्येकाच्या कारकिर्दीच्या वर्षांसह, एका कागदावर उतरवून घ्या. मग फिरताना दिसेल त्या प्रत्येक दगडी ढालीचा फोटो घ्या आणि नकाशावर आकडा टाका. ढालीवर रुंद टोपी आणि दोन्ही बाजूंना गोंडे असतील तर ती धर्माधिकाऱ्याची. नियम असा की बिशपला प्रत्येक बाजूला सहा गोंडे, आर्चबिशपला दहा, कार्डिनलला पंधरा. पण हा नियम उशिरा पक्का झाला. सोळाव्या-सतराव्या शतकात गवंडी जागा पाहून गोंडे कोरत असत. म्हणून ओळख गोंड्यांवरून पक्की करू नका, ढालीच्या आतल्या चिन्हांवरून करा. मेंदोसांच्या ढालीत ‘आवे मारिया’ ही अक्षरं असतात, ती एकदा पाहिली की विसरत नाही.

ढाल सापडली म्हणजे इमारतीचं वर्ष सापडलं असं मात्र नाही. दुरुस्ती करणारा बिशपही आपली ढाल लावतो, आणि पाडलेल्या घराची ढाल नव्या भिंतीत बसवली जाते. ढालीभोवतीच्या दगडाचे थर तिच्या कडांशी जुळतात का ते पाहा. ढालीसाठी आजूबाजूचे चिरे तोडलेले दिसले तर ती नंतर बसवलेली.

तारखांचा सापळा

मध्ययुगीन लेखात ‘एरा’ शब्द आला तर थांबा. हा स्पॅनिश शक आहे आणि तो इसवी सनाच्या ३८ वर्षं पुढे चालतो. शके पाहिलं की आपण ७८ मिळवतो, इथे ३८ वजा करायचे. एरा ११६२ म्हणजे इ.स. ११२४. कास्तीलमध्ये हा शक १३८३ पर्यंत चालला, आरागोनमध्ये १३५० पर्यंत. एवढी एक वजाबाकी विसरली म्हणून कितीतरी गावांच्या माहितीपत्रकांत चर्च अडतीस वर्षांनी तरुण झालेली आहेत. दुसरी गोष्ट : स्पेनमध्ये ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. त्या महिन्यातल्या मधल्या तारखा असलेला कागद बनावट किंवा चुकीचा नकललेला समजा.

कागद : एन्सेनादापासून सुरुवात

पहिला कागद कोणता उघडायचा याबद्दल आमचं मत पक्कं आहे : एन्सेनादाचा कातास्त्रो, म्हणजे जमीन-मालमत्तेची सरकारी पाहणी. १७४९ मध्ये मार्केस दे ला एन्सेनादाच्या पुढाकाराने कास्तीलच्या बावीस प्रांतांत करआकारणीसाठी पाहणी सुरू झाली. प्रत्येक गावाला चाळीस प्रश्न विचारले गेले. त्यांची उत्तरं सिमांकासच्या दप्तरखान्यात आहेत आणि पारेस या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की पानांची छायाचित्रं समोर येतात.

चाळीसही क्रमाने वाचू नका. आधी दुसरा : गाव राजाचं की कोणा जहागीरदाराचं. मग सतरावा : खाणी, मिठागरं, गिरण्या. सिग्वेन्साच्या मुलखात हा फार बोलका ठरतो, कारण जवळच्या इमोनसारख्या मिठागरांवर इथल्या संपत्तीचा मोठा भाग उभा होता. समुद्रापासून इतक्या दूर मीठ कसलं, तर जमिनीतल्या खाऱ्या झऱ्यांचं. १५६४ मध्ये राजा दुसऱ्या फेलिपेने मिठागरं राजसत्तेकडे घेतली. मग एकविसावा, उंबरे किती. बाविसावा, घरं किती आणि पडकी किती. एकोणतिसावा, खानावळी, दुकानं, खाटीक, पूल. बत्तिसावा आणि तेहेतिसावा, वैद्य, नोटरी, खेचरवाले, कारागीर. पस्तिसावा मजुरांचा, छत्तिसावा अगदी निराधारांचा. अडतीस आणि एकोणचाळीस धर्मगुरूंचे आणि मठांचे. एवढे दहा-बारा वाचले की अठराव्या शतकातलं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं.

इथली मोठी घसरण : एकविसाव्या प्रश्नातला ‘वेसिनो’ म्हणजे माणूस नव्हे, उंबरा. आपण ‘दोनशे उंबऱ्यांचं गाव’ म्हणतो तसं. माणसं काढायला ४ ते ४.५ ने गुणतात. समजा उत्तरात ८०० वेसिनो आहेत, तर लोकसंख्या ३२०० ते ३६००. एकच आकडा देऊ नका, दोन्ही टोकं लिहा. विधवांना काही ठिकाणी अर्धा उंबरा धरलेलं असतं, आणि धर्मगुरू अडतिसाव्या प्रश्नात वेगळे मोजलेले असतात. कॅथेड्रलच्या गावात ते गाळले तर हिशेब चांगलाच खाली येतो.

मोजमापंही जपून. कास्तीलची वारा साधारण ८३.६ सेंटिमीटर. फानेगा धान्याचं माप म्हणून सुमारे ५५.५ लिटर, पण जमिनीचं माप म्हणून ती गावागणिक बदलते. त्या गावातली फानेगा किती मोठी, हे दहाव्या प्रश्नाच्या आसपासच्या उत्तरांत सांगितलेलं असतं, तिथूनच घ्या. एका रेआलचे ३४ मारावेदी, एका दुकादोचे ३७५, म्हणजे सुमारे अकरा रेआल.

एन्सेनादाची लिपी वाचायला सोपी असते. सोळाव्या शतकाकडे मागे गेलात की ‘प्रोसेसाल’ लिपी येते. तिच्या साखळी प्रकारात लेखणी उचललेलीच नसते, शब्द एकमेकांत ओवलेले. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल आणि उपायही तोच : आधी ठराविक मायना पाठ करायचा. नोटरीच्या कागदाची सुरुवात आणि शेवट नेहमी त्याच शब्दांनी होतात. ते ओळखता आले की त्या हाताची अक्षरं कळतात, आणि मग मधला मजकूर उलगडतो. पहिल्या पानाला चार तास लागले तरी घाबरू नका. दहाव्याला अर्धा तास लागतो.

एन्सेनादानंतर पास्कुआल मादोसचा भौगोलिक कोश, १८४५ ते १८५० मध्ये सोळा खंडांत निघालेला. आपल्या जुन्या गॅझेटिअरसारखाच : हवा, पाणी, रस्ते, शाळा, जत्रा, उत्पन्न. एन्सेनादा आणि मादोस यांच्यामधल्या शंभर वर्षांत काय बुडालं, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. मठ नाहीसे झालेले दिसतील, कारण १८३६ मध्ये सरकारचा प्रमुख मेंदिसाबाल याने धर्मसंस्थांची मालमत्ता जप्त करून लिलावात काढली. विद्यापीठही त्याच काळात बंद पडलं. जहागीर त्याआधीच सुटलेली होती.

व्यक्ती आणि घराणी शोधायची तर चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तकं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये ती सक्तीची केली, म्हणून बहुतेक गावांत नोंदी त्यानंतर सुरू होतात. सरकारी जन्ममृत्यू नोंद १ जानेवारी १८७१ पासून. शंभर वर्षांपेक्षा जुनी नोटरीची दप्तरं खुली असतात. सिग्वेन्साची ती ग्वादालाहाराच्या प्रांतिक दप्तरखान्यात शोधा. कुठल्या दप्तरखान्यात काय आहे हे ठरवताना एक लक्षात ठेवा : आजचे प्रांत १८३३ चे आहेत, धर्मप्रांत त्यांच्याशी जुळत नाहीत. सिग्वेन्साचा जुना धर्मप्रांत सोरियातही पसरलेला होता.

विसाव्या शतकासाठी हवाई छायाचित्रं. अमेरिकन विमानांनी १९४५-४६ आणि १९५६-५७ मध्ये सगळा देश टिपला. राष्ट्रीय भौगोलिक संस्थेच्या संकेतस्थळावर आजच्या चित्राशेजारी ते ठेवून पडदा सरकवत पाहता येतं. मळे, गिरणीचे पाट, तटाबाहेरच्या वाटा त्यात स्पष्ट दिसतात. घराच्या बांधणीचं वर्ष आजच्या सरकारी कातास्त्रोच्या संकेतस्थळावरही मिळतं, पण तिथे ‘१९००’ दिसलं तर ते खरं वर्ष समजू नका. वर्ष ठाऊक नसलेल्या जुन्या घराला बहुधा तोच आकडा दिलेला असतो.

लोकसंख्येच्या तक्त्यातही असाच खड्डा. सिग्वेन्साच्या नगरपालिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसपासची पंचवीसहून अधिक खेडी सामील झाली. आकडा वाढलेला दिसतो, गाव वाढलेलं नसतं. विलीनीकरणाच्या नोंदी सांख्यिकी संस्थेच्या पानावर गावाच्या नावाखालीच असतात, त्या आधी वाचा.

१९३६ बद्दल लिहिताना

यादवी युद्ध पेटलं तेव्हा, जुलै १९३६ मध्ये, गाव प्रजासत्ताकाच्या मिलिशियाच्या, म्हणजे स्वयंसेवक लढवय्यांच्या ताब्यात आलं आणि बिशप एउस्ताकियो निएतो मारला गेला. ऑक्टोबरमध्ये बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने गाव घेतलं. शेवटचे लढवय्ये आणि त्यांच्यासोबतची माणसं कॅथेड्रलमध्ये कोंडली गेली आणि महिन्याच्या मध्यापर्यंत तिथे टिकून राहिली. बुरुजांवर माऱ्याच्या खुणा अजून आहेत. त्यांचे फोटो घ्या, उंची मोजा, दिशा लिहा : होकायंत्र लावलं की मारा कुठून झाला ते कळतं. लिहिताना दोन्ही बाजूंचे मृत मोजा. १९४० च्या दशकातले दुरुस्तीचे अहवाल एका बाजूचंच नुकसान मांडतात, दुसऱ्या बाजूच्या आठवणी दुसरं. आकडे जुळले नाहीत तर दोन्ही आकडे ठेवा आणि कोणता कोणाचा ते लिहा. गावात या विषयावर प्रश्न विचारण्याआधी समोरच्याला बोलायचं आहे का ते विचारा. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांची नातवंडं अजून त्याच गल्ल्यांत राहतात.

दप्तरखान्याला पत्र

ऑनलाइन न मिळालेल्या कागदासाठी ई-मेल स्पॅनिशमध्ये पाठवा, साधी आणि लहान. चार गोष्टी हव्यात : गावाचं नाव आजच्या आणि जुन्या रूपांत, कागदाचा प्रकार, वर्षांची मर्यादा (वीस वर्षांहून जास्त नको) आणि कशासाठी हवं आहे ते. ‘गावाच्या इतिहासाबद्दल काहीही पाठवा’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही किंवा सूचीचा दुवा येतो. ‘१७८० ते १८०० मधल्या सान रोकेच्या बांधकामाचे हिशेब आहेत का’ असं विचारलं तर शोधणाऱ्याला कपाट कळतं. ‘सिग्नातुरा’, म्हणजे त्या कागदाचा दप्तरातला क्रमांक, मिळाला की तो पहिल्या दिवशीच वहीत उतरवा आणि प्रत्येक फोटोच्या नावात घाला. ऑगस्टमध्ये पत्र पाठवू नका. त्या महिन्यात बरेच कर्मचारी रजेवर असतात आणि उत्तर सप्टेंबरवर जातं.